घाटकोपरचा जिना

पूर्वी अंधेरीच्या कचेरीसाठी आम्ही कल्याणकर दादरला गाडी बदलत असू. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून आम्ही घाटकोपरलाच उतरतो. बारा स्थानकांची ही ११.४ किलोमीटरची वाट. दादरचा वळसा वाचला; पण सकाळी लोकलची सारी गर्दी मेट्रोच्या जिन्यावर लोटते.

एकदा त्या जिन्यावर एका कामकरी बाईचा डबा सांडला. लेटमार्कच्या धाकाने आम्ही तिची भाकरी ओलांडून पुढे गेलो. एक शाळकरी मुलगी मात्र थांबली, तिने बाईला हात दिला. कचेरीत दिवसभर आमचा हिशेब जुळेना.

बंधू-भगिनींनो, तेव्हापासून आम्ही घरून दहा मिनिटे आधी निघतो. कोणासाठी थांबावे लागले, तर वेळ हाताशी असावा!