पत्त्यातील अंक

पाकिटावर आपण नाव लिहितो, गाव लिहितो आणि शेवटी पिनकोडचे सहा अंक लिहितो. हे अंक किती मुकाट्याने काम करतात! टपाल खात्यातील माणूस आपल्याला ओळखत नाही. तरीही अंक पाहून तो आपले पत्र योग्य थैलीत टाकतो. आपल्या देशात ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते.

मला परदेशांचे पिनकोड वाचण्याचा छंद आहे. नकाशा समोर ठेवायचा आणि अंकांवरून गाव शोधायचे! या छंदामुळेच भूमध्य समुद्राच्या काठावरील मार्सेल्स या बंदराशी माझी ओळख झाली. हे शहर फ्रान्समध्ये आहे. तेथेही पाच अंकी क्रमांक १९७२ मध्येच आले. मार्सेल्सचे क्रमांक १३००१ ते १३०१६ असे आहेत. पहिले दोन अंक जिल्ह्याचे आणि शेवटचे दोन अंक शहराच्या सोळा विभागांचे.

अंक नवे असले, तरी शहर फार जुने आहे. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास ग्रीक खलाशी तेथे आले. त्यांचे मूळ गाव आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर होते. दंतकथा अशी, की तेथील सरदाराच्या मुलीचे त्या दिवशी स्वयंवर होते. तिने पाण्याचा पेला नुकत्याच आलेल्या पाहुण्याच्या हाती दिला आणि त्यालाच वरले. म्हणजे हे शहर वसवले ते परक्यांनी! १९६७ मध्ये १३००१ या विभागात खोदकाम चालू असताना त्या प्राचीन बंदराचे अवशेष सापडले.

याच बंदरावर सप्टेंबर १९१४ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या वेळी, आपल्या देशाचे सैनिक उतरले होते. फ्रान्समधून त्यांनी घरी पाठवलेली कितीतरी पत्रे उर्दूत होती. त्या वेळी पिनकोड नव्हता. पण घरची ओढ आजच्यासारखीच होती.

एकदा दहावीच्या वर्गात मी अर्जलेखन शिकवत होतो. एका मुलाने विचारले, "सर, नोकरीच्या अर्जावर मामूंचा पत्ता लिहिला तर चालेल का? आमच्या मोहल्ल्याचं नाव वाचलं की लोक पुढे वाचतच नाहीत, असं भाईजान म्हणतात."

वर्गात कोणीही हसले नाही. मी त्यांना मार्सेल्सची उरलेली गोष्ट सांगितली.

जुन्या बंदराच्या उत्तर काठावर गरिबांची दाट वस्ती होती. ती गुन्हेगारांची वस्ती म्हणून बदनाम झाली होती. १९४३ मध्ये जर्मन सैन्याने तेथील हजारो लोकांना बाहेर काढले आणि घरे सुरुंगाने उडवून दिली. आधी वस्तीला वाईट नाव मिळाले, मग वस्तीच गेली.

आज शहराच्या उत्तर भागात, १३०१३ ते १३०१६ या विभागांत, अनेक गरीब वस्त्या आहेत. अल्जीरिया आणि इतर देशांतून आलेली पुष्कळ कुटुंबे तेथे राहतात. प्रसिद्ध फुटबॉलपटू झिनेदिन झिदान याच भागातील एका वस्तीत वाढला. त्याचे आईवडील अल्जीरियाचे. गंमत म्हणजे त्याचा जन्मही १९७२ चा! परंतु प्रत्येक मुलगा झिदान होत नाही. साध्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांनाही पत्त्यावरून नाकारले जाई. म्हणून राहण्याच्या जागेवरून कोणाशीही भेदभाव करू नये, असा कायदा फ्रान्सने २०१४ मध्ये केला.

कायदा झाला म्हणून लोकांची नजर एका दिवसात बदलत नाही, हे मी जाणतो. त्या मुलाच्या भाईजानचे म्हणणे खोटे आहे, असेही मी म्हणालो नाही. मी एवढेच सांगितले, की हे अंक पत्र पोहोचवण्यासाठी केले आहेत, माणूस तोलण्यासाठी नव्हेत. जो त्यांनी माणूस तोलतो, चूक त्याची आहे. पत्ता लिहिणाऱ्याची नाही.

मुलांनो, तुमच्या गल्लीलाही इतिहास आहे. तो घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. आणि पाकिटावर आपला पत्ता स्वच्छ अक्षरांत, पूर्ण लिहा; पिनकोडसुद्धा.