पोहोच कळव

पर्युषणात दरवर्षी आपण परिग्रहाबद्दल ऐकतो. साड्या किती, भांडी किती, दागिने किती, याची मर्यादा ठरवा, असं साध्वीजी सांगतात आणि आपण मान डोलावतो. घरी येऊन कपाट उघडलं की साड्या पटकन बाजूला निघतात. हात अडतो तो एखाद्या जुन्या पत्र्याच्या डब्यापाशी. त्यात लहानपणचं झबलं असतं, शाळेचं प्रगतिपुस्तक असतं, आईनं विणलेली क्रोशाची थैली असते. बाजारात कोणी रुपया देणार नाही. मग हा परिग्रह धरायचा की नाही? कामरेजला आमच्या महिला मंडळात यावर चांगलीच चर्चा रंगली होती.

माझं माहेर अमळनेरचं. आईला आम्ही ‘बाई’ म्हणायचो, वडिलांना ‘भाऊ’. घरात चौविहार कडक. सूर्य मावळला की अन्नपाणी बंद. डिसेंबरात सहाच्या आतच सूर्य जायचा आणि मी शाळेतून यायची साडेपाच उलटून गेल्यावर. बाई ओट्यावर उभीच असायची. हातात स्टीलची वाटी, त्यात दूध-भाकरीचा काला. माझं दप्तर खांद्यावर तसंच असायचं. ती एकेक घास भरवायची आणि तिचं अर्धं लक्ष समोरच्या भिंतीवर चढत जाणाऱ्या उन्हाकडे असायचं. माझी वाटी संपायची तोवर ऊनही संपायचं. ती स्वतः जेवलेली नसायची. विचारलं तर म्हणायची, “आज भूकच नव्हती गं.”

सूर्य तर दोघींना एकच होता. मला भरवण्यात गेलेली ती दहा मिनिटं तिच्या जेवणाची होती. हा हिशेब मी आई झाल्यावर मला लागला.

लग्न होऊन सुरतेला आले. दिवाळीनंतर माहेरून परत निघाले की भाऊ भुसावळ-सुरत गाडीत बसवून द्यायचे आणि दुकानात जाऊन लगेच पंधरा पैशांचं कार्ड टाकायचे. मी सासरी रुळते न रुळते तोच ते येऊन पडायचं. ज्वारीचा भाव, शेजारच्या गाईला झालेलं वासरू, अशा चार ओळी, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, ‘पोहोच कळव.’ ती सगळी कार्डं मी दोऱ्यानं बांधून ठेवली होती.

ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सुटलेलं पाणी तापीला मावेना आणि ती सुरत शहरात शिरली, तेव्हा आम्ही अडाजणला तळमजल्यावर राहत होतो. पाणी ओसरल्यावर घरभर चिखल. कार्डांचा लगदा झाला होता, एक अक्षरही वाचता येईना. लग्नाचे फोटोही गेले. गाळात हात घालून भांडी काढताना बाईची वाटी मात्र सापडली. बुडाशी मशीननं कोरलेलं माझं नाव आणि 1977 हे साल जसंच्या तसं होतं. ती भाऊंनीच कोरून घेतली होती. आम्हा तिन्ही भावंडांच्या नावाची एकेक.

कागद गेला म्हणून ‘पोहोच कळव’ गेलं का? मुलगा मुंबईला निघाला की माझ्या तोंडून आपोआप तेच निघतं. आता सून माझ्या मुलाला तेच सांगते. तिनं भाऊंना कधी पाहिलंही नाही.

पर्युषणात कल्पसूत्र वाचतात तेव्हा एक प्रसंग मी दरवर्षी कान देऊन ऐकते. आईला त्रास नको म्हणून वर्धमान गर्भात निश्चल झाले, तर त्रिशलामाता घाबरून शोक करू लागली. ते कळताच त्यांनी हालचाल केली आणि आईवडील हयात असेपर्यंत दीक्षा घ्यायची नाही, असं ठरवलं. ज्यांनी जगाला अपरिग्रह शिकवला, त्यांनीही आधी आईच्या जिवाला जपलं. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या केली तीही वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही, मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून केली आहे. वस्तू कुलपात ठेवून आपण तिच्यावर नागासारखं बसलो, तर एक वाटीही परिग्रह होते. तीच रोजच्या ताटात आली, तिची गोष्ट पुढच्या पिढीला कळली, तर तिचं ओझं राहत नाही.

पत्र्याचा डबा मी रिकामा केला. भावंडांच्या वस्तू त्यांना पाठवून दिल्या, कोणती कशाची ते चिठ्ठीवर लिहून. वाटी मात्र स्वयंपाकघरात आणली. माझी नात सध्या त्यात दूध-भाकरी खाते. सून परवा म्हणाली, “मम्मी, रोज घासून नाव पुसून जाईल हो.”

म्हटलं, “जाऊ दे. तोवर तिला पणजीची गोष्ट पाठ झालेली असेल.”