आठ हातांचं झाड

बोन्साय म्हटलं की तळहातावर मावणारं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. जपानी परंपरेत मात्र झाड उचलायला किती हात लागतात, यावरूनही त्याचं माप सांगतात. दोन हातांचं, चार हातांचं आणि सर्वांत मोठं आठ हातांचं, म्हणजे चार माणसांनी मिळून उचलायचं. ऑलिव्हला हे थोरपण शोभतं. त्याचं खोड पीळ घेतं, पोकळ होतं, अर्धं वाळतं आणि उरलेल्या अर्ध्यातून पालवतं. बुंध्याशी गाठाळ फुगवटा असतो. वरचं सगळं छाटलं तरी तिथून फुटवे येतात. पानं वरून राखी-हिरवी, पोटाशी चंदेरी. वारा सुटला की अख्खं झाड रंग बदलतं.

पण त्याचा पिंड भूमध्य समुद्राकाठचा. तिथे पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. पनवेलचं नेमकं उलट. जून लागला की कर्नाळ्याचा सुळका ढगात जातो, गाढी नदी फुगते आणि चार महिने मातीला सुकायला सवड मिळत नाही. म्हणूनच भारतात ऑलिव्हची मोठी लागवड झाली ती राजस्थानात, इस्रायली तंत्राच्या मदतीने, बिकानेरजवळ लूणकरणसरच्या वाळूत.

तरीही पनवेलच्या गच्चीवर ते ठेवायचंच, तर कुंडी बदलायला मी थंडी सरतानाचे दिवस निवडेन, म्हणजे पावसाआधी मुळं सावरतात. मुळांचा गड्डा मोठा असल्याने कुंडीच्या कडेने करवत फिरवावी लागते. बांबूच्या काडीने जुनी माती हलकेच उकलायची, गोल फिरलेली जाड मुळं कापायची आणि केसमुळं जपायची. भोकांवर जाळी, वर विटांचा चुरा, जाड वाळू, थोडं मुरलेलं शेणखत. सगळं चाळलेलं हवं, कारण भुकटी राहिली की पाणी तुंबतं. शेवटी भोकांतून वर काढलेल्या तारेने मुळांचा गड्डा कुंडीला घट्ट बांधायचा. झाड डुललं तर नवी मुळं तुटतात. पावसाळ्यात त्याला छपराखाली घ्यावं. मांडणीला उथळ, चकाकी नसलेली मातकट कुंडी, मागे कोरी भिंत आणि खोड डोळ्यांच्या उंचीवर. एवढं पुरतं.

पनवेलमध्ये ऑलिव्हचा विषय निघाला की मला बेथ एल सिनेगॉग आठवतं, १८४९ सालचं. गावात इस्रायल तलावही आहे. आपल्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, असं कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, सांगत आले. ऑलिव्ह त्यांच्या धर्मग्रंथातल्या सात पवित्र पिकांपैकी एक. इथे मात्र हे लोक ‘शनिवार तेली’ झाले. शनिवारी घाणा बंद आणि बाकीचे दिवस घाण्यात इथल्याच मातीत पिकणारं बी. जे इथे रुजतं तेच घ्यावं, ही त्या घाण्याची बाजू मला पटते.

ऑलिव्हचा सख्खा भाऊबंद तर सह्याद्रीतच आहे. माथेरानच्या रानातला पारजांब ऑलिव्हच्याच कुळातला. तो रानातून उपटून आणू नये. माथेरानचा परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. पारजांबाला बियांपासून वाढवणारे हात हवेत आणि भरपूर धीर.

तेवढा धीर नसेल त्याच्यासाठी उंबर आहे. पाखरांनी टाकलेलं बी जुन्या भिंतीच्या फटीत रुजतं. वर्षानुवर्षं चुन्यात अडकून त्याची मुळं चपटी, विटांना मिठी मारलेली होतात. असा बुंधा कुंडीत मुद्दाम घडवायचा तर अर्धं आयुष्य जाईल. उंबर आणि वड पावसाच्या तोंडावर कुंडीत बसवावेत. ऑलिव्हला कुजवणारा दमटपणाच त्यांना भराभर मुळं फोडायला लावतो. पण उंबर रुजलेल्या जुन्या भिंती पनवेलात रोज कमी होताहेत. जुनं घर पाडायला काढलं की मुकादमाला आधीच सांगून ठेवावं, उंबर असलेला भिंतीचा तेवढा तुकडा घणाने फोडू नका, विटांसकट वेगळा काढा.