पेढा, बर्फी आणि वांग

आमच्या संभाजीनगरात गरोदर बाईचा चेहरा म्हणजे सार्वजनिक वाचनालय. येणारा-जाणारा चाळून जातो. गालावर वांगाचे डाग दिसले की शेजारच्या काकू म्हणणार, "मुलगाच गं!" तेच डाग पाहून मोठ्या जाऊबाई ठासून सांगणार, "छे, मुलगी. आईचं रूप घेते ती." मग डोहाळजेवणात झाकलेल्या वाटीतून पेढा निघतो की बर्फी, याकडे सगळ्यांचे डोळे. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे सांगायला १९९४च्या कायद्यानं बंदी आली. गालावरून सांगायला कसली बंदी?

वांगाला मात्र पोटात कोण आहे याची खबरच नसते. या दिवसांत संप्रेरकं वाढतात आणि त्वचेला रंग देणाऱ्या पेशी जोमानं कामाला लागतात. कपाळ, गाल, वरचा ओठ काळवंडतो. मान आणि काखा गडद होतात. बेंबीवरून ओटीपोटाकडे काळी रेघ उतरते. त्यात मे महिन्यातलं मराठवाड्याचं ऊन भर घालतं. क्रांती चौकात सिग्नलला डोळ्यांपुरता उघडा स्कार्फ गुंडाळून उभ्या असलेल्या स्कूटीवाल्या पोरींना लोक हसतात. पण वांगावर तो स्कार्फ, सावली आणि सनस्क्रीन यांचाच खरा उपयोग. गोरं करणारी कुठलीही ट्यूब मनानं आणून चोळू नये. तिच्यातली काही औषधं या दिवसांत वर्ज्य असतात. बाळंतपणानंतर बरेचसे डाग महिन्या-दोन महिन्यांत नाही, तरी हळूहळू फिके होतात. काही राहतातही.

कायमचे राहतात ते पोटावरचे वण. आधी लालसर-जांभळे, मग चंदेरी. वेरूळला 'रावणाची खाई' या लेण्यात सप्तमातृका मुलांसह बसल्या आहेत, अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात मुलांची देवी हारीती आहे. आईपण दाखवायला शिल्पकारांना जवळचं मूल पुरलं, वणांना दगडात जागा मिळाली नाही. वैद्यांनी मात्र ती दिली. चरकसंहितेत या वणांना 'किक्किस' म्हटलं आहे. सातव्या महिन्यात गर्भाला केस फुटतात म्हणून आईच्या अंगाची आग होते, असं बायका म्हणतात, हेही तिथं नोंदवलं आहे, आणि संहितेतले गुरू आत्रेय यांनी ते लगेच खोडलंही आहे. कातडीवरून पोटातली बातमी काढायची सवय अशी जुनी! खोबरेल तेलानं त्वचा मऊ राहते, खाज थोडी शमते. वण यायचे तर येतातच. ते बहुधा आईकडून मिळालेले असतात, नाकासारखे.

केसांची तऱ्हा उलटी. गरोदरपणात ते गळायचे थांबतात, वेणी जाड होते, आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की फणीत गुंतावळ दिसू लागते. आमच्या मावशी म्हणायच्या, बाळ आईला ओळखू लागलं की तिचे केस गळतात. वेळ अचूक पकडली होती त्यांनी. कारण तेवढं वेगळं. नऊ महिने थांबलेले केस आता एकदम आपली पाळी उरकतात, आणि बहुतेकींचे वर्षभरात परत भरतात. नखंही या काळात भराभर वाढतात, काहींची ठिसूळ होऊन सोलतात. ती आखूड ठेवावीत.

या सगळ्यावर घरीदारी चर्चा होते. ज्यावर व्हायला हवी ती गोष्ट मात्र गालावर दिसत नाही. शेवटच्या तिमाहीत तळहात-तळपाय खाजतात, अंगावर पुरळ नसतं, रात्री खाज वाढते आणि झोप उडते. बाई मुकाट्यानं तळवे घासत बसते, कारण "या दिवसांत खाजतंच" हे तिनं ऐकलेलं असतं. पुष्कळदा ते खरंही असतं. पण कधी कधी यकृतातून पित्ताचा निचरा नीट होत नसतो, आणि त्याचा धोका बाळाला असतो. रक्ताच्या तपासणीत ते कळतं. म्हणून अशी खाज सुटली की पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचं; सकाळी घाटी रुग्णालयात जा, नाहीतर गल्लीतल्या डॉक्टरबाईंकडे.

डोहाळजेवणाला जमणाऱ्या मंडळींनी पेढा-बर्फी खुशाल खेळावं, गालही वाचावेत. फक्त ओटी भरताना वाकून एवढं विचारावं: "रात्री तळवे खाजतात का गं?" आणि ती "हो" म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत जावं.