आईच्या पावलांचं देणं

आमच्या घरात म्हाताऱ्या माणसाची सेवा म्हणजे त्याला जागेवरून हलू न देणं. पाण्याचा तांब्या हातात, ताट पुढ्यात, चप्पल पायाशी. आजीची सेवा आईने अशीच केली होती आणि आईची मीही तशीच करायची, असं मी धरून चाललो होतो. ही समजूत माझ्या डोक्यातून काढली ती माझ्या मुलीच्या वयाच्या एका फिजिओथेरपिस्टने. तिचं नाव लिहिलेलं तिला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. पण तिचं ऋण मात्र लिहून ठेवायला हवं.

आई 78 वर्षांची असताना न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. आत रॉड घालून ते बसवलं. वॉकर घेऊन रोज चालवा, असं डॉक्टरांनी बजावून घरी सोडलं होतं. पण आई "दुखतंय रे" म्हणायची आणि मी म्हणायचो, "राहू दे, उद्या बघू." जेवण कॉटवर, भांडं कॉटवर. येणारेजाणारे मला शाबासकी देऊन जात. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी आईचे पाय पाहिले आणि तिथूनच या मुलीला फोन लावला.

पहिल्या दिवशी तिने टेप काढून आईच्या दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. मोडलेल्या बाजूची मांडी चांगलीच उतरली होती. "काका, हाड जुळतंय, पण ते उचलणारे स्नायूच राहिले नाहीत, तर आजी उठणार कशाच्या जोरावर?" ती म्हणाली. 2007 साली अमेरिकेत काही धडधाकट वृद्धांना संशोधनासाठी 10 दिवस नुसतं झोपवून ठेवलं होतं, तेवढ्यात त्यांच्या पायांतले जवळजवळ किलोभर स्नायू कमी झाले, हेही तिनेच सांगितलं. ते लोक तर आजारीही नव्हते. मी आईला किती सुखात ठेवलंय असं मला वाटत होतं, आणि त्या सुखाने तिचं काय होत होतं ते मला त्या दिवशी कळलं.

मग तिने आईला विचारलं, "आजी, तुम्हाला कुठे जायचंय?" देवळात, अंगणात, असं काहीतरी आई म्हणेल असं मला वाटलं होतं. आई म्हणाली, "मला संडासला माझी मी जायचंय. दुसरं काही नको." इतके दिवस मी तिच्या उशाशी बसत होतो, पण हे तिला कधी विचारलं नव्हतं.

पुढचे सगळे व्यायाम त्या एका वाटेसाठी होते. कॉट, मधली खोली, एक उंबरठा, मग बोळ. आधी पडल्यापडल्या घोटे वरखाली करायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. मग उठणं. आई उठायची ती पाय पुढे पसरून, माझा हात धरून. आणि मीही तिला ओढायचो. ते तिने पहिल्यांदा थांबवलं. आईचीच एक जुनी सुती साडी घडी घालून कमरेला बांधली आणि मला म्हणाली, "धरायचं तर इथे धरा, हात ओढायचा नाही." आईला म्हणाली, "पावलं मागे घ्या, खुर्चीखाली. आता वाका. नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाऊ दे. आता उठा." आई उठली. माझा हात साडीच्या पट्ट्यावर होता, पण त्यावर भार काहीच आला नाही. चालताना आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. उंबरठ्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हे आईला आरतीसारखं पाठ झालं. संडासात कमोडची खुर्ची आणि भिंतीला धरायचा दांडा बसवला. पायपुसणी गुंडाळून माळ्यावर गेली.

मधे आईने हाय खाल्ली. पुन्हा पडेन, या भीतीने ती उठेनाच. मीही कच खाल्ली. या वयात कुठून ताकद येणार, असं मी त्या मुलीला बोलून गेलो. ती रागावली नाही. बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या वृद्धाश्रमातल्या लोकांना 8 आठवडे वजनं उचलायला लावली होती, 1990 साली ते प्रसिद्ध झालं, आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी अडीच पटीहून जास्त झाली, असं तिने सांगितलं. "आजी तर त्यांच्यापुढे लहान आहेत," म्हणाली. ते ऐकून आई हसली आणि तिने वॉकर जवळ ओढला. भीती घालवणं हाही या विद्येचाच भाग असावा, असं मला तेव्हा वाटलं.

ही विद्या आपल्याकडे शिकवायला सुरुवात झाली ती 1950 च्या दशकाच्या आरंभी, मुंबईच्या केईएममध्ये, पोलिओच्या साथीनंतर. लुळ्या पडलेल्या लेकरांसाठी कुणीतरी केलेले ते कष्ट इतक्या वर्षांनी माझ्या आईच्या उपयोगी पडले. ते कोण होते, हे मला ठाऊकही नाही.

वॉकर सुटून काठी आली. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची, हेही मला नवीन होतं. त्यानंतर आई 6 वर्षं जगली आणि शेवटचं आजारपण सोडलं तर त्या वाटेवर तिला माझा हात लागला नाही. माणसाची लाज राखणं किती मोठी गोष्ट आहे, हे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

आता माझी साठी उलटली आहे. निवृत्तीनंतर मी आपणहून त्या मुलीकडे गेलो. तिने खुर्चीपासून 3 मीटरवर खडूने खूण केली. उठायचं, तिथवर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. मला तेवढे लागले नाहीत, तरी एका पायावर उभं राहताना तोल जात होता. ओट्याला धरून टाचा उचलणं, टाचेला बोटं लावून रेघेवर चालणं, हे तिने तेव्हा लावून दिलं. न्यूझीलंडच्या ओटागोमधून आलेल्या घरगुती व्यायामांतले हे प्रकार. ते नियमाने करणाऱ्या वृद्धांचं पडणं साधारण एक तृतीयांशाने घटल्याचं आढळलंय. दूध तापेपर्यंत माझे होऊन जातात.

ओळखीत कुणाचं म्हातारं माणूस पडलं की लोक मला विचारतात, कारण आईला चालताना त्यांनी पाहिलेलं असतं. मी व्यायाम सांगत नाही. कुठल्या हाडावर कधी किती भार द्यायचा, हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. मी तिचा नंबर देतो, आणि ती येईपर्यंत त्यांना कुठे जायचंय ते विचारून ठेवा, एवढं सांगतो.