मोहरीपर्यंत

सिंहगड-राजगड-तोरणा-रायगड ही वाट भटक्यांना नवी नाही. बहुतेक जण ती चार-पाच दिवसांत, मुक्काम करत करतात. मला ती न झोपता, एका दमात चालायची होती. का, याचं पटण्याजोगं उत्तर माझ्याकडे नव्हतं. घरच्यांनी तर विचारायचंच सोडलं होतं.

चालणारा मी एकटा, पण राबणारी माणसं दोन. शाळेपासूनचा मित्र गाडीवर आणि औषधांचं दुकान चालवणारी मैत्रीण माझ्या पोटापायांवर. डांबरी रस्ता जिथे जिथे आमच्या वाटेला भेटतो तिथे तिने नकाशावर खुणा केल्या : विंझर, गुंजवणे, राजगड-तोरणा धारेवरची खिंड आणि शेवटी मोहरी. मोहरीच्या पुढे सह्याद्री तुटतो. पायी माणसाने लिंगाण्याशेजारच्या बोराट्याच्या नाळेने कोकणात उतरायचं. गाडीने मात्र मागे फिरून भोर, वरंधा घाट, महाड करत रायगड गाठायचा. मधे काही झालं तर कुणी पटकन पोचणार नाही. म्हणून आधीच ठरलं, नाळेत उतरायचं की नाही हे मोहरीला ती दोघं सांगतील. मला मत नाही.

डिसेंबरात भल्या पहाटे कल्याण दरवाज्यातून बाहेर पडलो. विंझर, गुंजवणे सहज गेलं. चोर दरवाज्याची चढण ऐन उन्हात आली. महाराजांनी जिथून पंचवीसेक वर्षं राज्य चालवलं, त्या राजगडावर मी जेमतेम पाऊण तास होतो आणि त्यातला बराचसा वेळ लिंबाचं लोणचं चाटण्यात गेला. घामाने मीठ गेलं की गोड नकोसं होतं. संजीवनी माची मात्र संपता संपेना. अडीच किलोमीटर लांबीची माची बांधणाऱ्यांबद्दल मनात जे आलं ते इथे लिहीत नाही.

खिंडीत उतरलो तेव्हा सूर्य कलला होता. ‘कसं वाटतंय?’ असं कुणी विचारलं नाही. मित्राने खुर्ची पुढे सरकवली, मैत्रिणीने बूट-मोजे ओढून काढले. बोटांच्या बेचक्या एकेक करून पुसल्या, टाचेवरचा लाल झालेला भाग चिकटपट्टीने झाकला, व्हॅसलीन चोपडलं, कोरडे मोजे चढवले. तेवढ्यात दहीभाताचा डबा माझ्या हातात. तिच्या मनगटावर बॉलपेनने वेळा लिहिलेल्या होत्या : मी कधी खाल्लं, कधी पाणी प्यायलो, लघवीला कधी गेलो. शेवटच्या रकान्यावरून तिने मला फैलावर घेतलं आणि समोर बसून अर्धी बाटली संपवायला लावली.

तोरणा अंधारात चढलो. उंची 1403 मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. पण रात्री उंची कळत नाही, फक्त हेडटॉर्चच्या उजेडातला घसारा आणि वाळलेलं निसरडं गवत कळतं. बुधला माचीखाली उतरताना डावा गुडघा कुरकुरायला लागला. मोहरीच्या वाटेवर तो बोलायलाच लागला.

मोहरीत फटफटलं होतं. समोर लिंगाणा, त्याच्या मागे रायगड. चहा झाल्यावर मित्र एका ओट्याकडे बोट दाखवून म्हणाला, “हात न लावता डाव्या पायावर उतरून दाखव.” पहिल्यांदा लटपटलो. “अजून एकदा,” असं मीच म्हणालो. तेव्हा थेट भुईवर बसलो.

“बास,” तो म्हणाला.

मी वाद घातला. रायगड समोर दिसतोय, उतार तर आहे, सावकाश जाईन. मैत्रीण शांतपणे म्हणाली, “अरे, नाळेत सगळे धोंडेच आहेत. तिथे गुडघा गेला तर तुला उचलणार कोण, आम्ही दोघं?” तिचे डोळे तांबारले होते. रात्रभर मी चालत होतो म्हणून त्या दोघांनीही पाठ टेकली नव्हती, हे मला तेव्हा कुठे दिसलं. तरीही परतीच्या वाटेवर नसरापूरपर्यंत मी घुश्श्यातच होतो. मिसळ आली तेव्हा बोललो.

पुढच्या हिवाळ्यात ती चालणार आहे. गाडीवर तोच आणि खिंडीत खुर्ची मांडून बसणार मी. ओट्याची परीक्षा तिलाही लागू आहे का, यावर अजून भांडण चालू आहे. ती म्हणते, तिचे गुडघे चांगले आहेत.