पुसलेलं खातं
परवा मी चुकलेच. लालबागची माझी पुतणी परळच्या केईएमच्या, 1926 सालापासूनच्या मेडिकल कॉलेजची स्वप्नं बघतेय. इन्स्टाग्रामवर तिचा विसर्जनात नाचतानाचा व्हिडिओ दिसला आणि जाऊबाईंच्या देखत मी बोलून गेले, "कॉलेजवाल्यांनी हे पाहिलं तर?" पोरीनं रडत रडत खातंच पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत विज्ञानाच्या बाई हसल्याच. "अहो, एमबीबीएसला मुलाखत असते का? 'नीट'चे 720 पैकी गुण बघतात. नाच कोण बघतंय?" परदेशी कॉलेजं मुलाखती घेतात, ते निराळं. पण तिला कुठं परदेशी जायचंय?

काल शेवयांची खीर घेऊन गेले. तिनं डबा घेतला. "काकू, ते व्हिडिओ आता मला परत नकोत," एवढंच म्हणाली, आणि पुस्तक उघडून बसली.